सरकून घ्या, नांगर पडतोय

युरोपला जाऊन आलेला मराठी माणूस काय बोलतो, त्यावरून तो कोणत्या काळात गेला होता हे सांगता येतं. सुरुवातीला गेलेली मंडळी आयफेल टॉवरपेक्षा तिथं मिळालेल्या वरणभाताबद्दल जास्त बोलायची. त्यानंतरच्यांनी स्वित्झर्लंडच्या बर्फात शालू नेसून फोटो काढले. आता एक नवीच जमात निघाली आहे. ही जमात ग्रीसला जाते, चार मित्रांत मिळून आठवड्यासाठी शिडाची बोट भाड्यानं घेते आणि परत आल्यावर ‘रात्री कुठे थांबलो’ ह्या एकाच विषयावर तासन् तास बोलते. देवळं, पुतळे, ऑलिव्हची झाडं, सगळं गौण. "सूर्यास्त कसा होता रे?" म्हणून विचारावं, तर "सूर्यास्ताचं सोडा मामा, त्या खाडीचा तळ काय होता! नांगर टाकला की रुतलाच!" असं उत्तर येतं.

हे उत्तर देणारा माझा भाचा मुलुंडचा. मुलुंडला बंदर नाही, नाका आहे. त्यामुळे ह्या मुलाचा लहानपणापासूनचा दर्यावर्दी अनुभव म्हणजे पावसाळ्यात लाल बहादुर शास्त्री मार्गावर साचलेल्या पाण्यातून काढलेली रिक्षा. पण त्यानं काही शनिवार-रविवार गेटवेजवळ शिडाच्या होड्यांवर घालवले, कसलंसं प्रमाणपत्र मिळवलं आणि मागच्या उन्हाळ्यात एजियन समुद्र गाठला. तो परत आल्यापासून आमच्या बोरिवलीच्या घरी त्याचं येणं वाढलं आहे, कारण मुलुंडमधले श्रोते संपले.

त्याच्याकडून कळलेलं शास्त्र असं. नांगर बोटीला धरून ठेवतो तो वजनामुळे नव्हे, रुतण्यामुळे. वाळू असेल तर उत्तम, चिखल असेल तर चालतो, खडक असेल तर नांगर अडकतो तरी किंवा घसरतो तरी, आणि पाणगवत असेल तर वरवर सरकत राहतो. दुसरं म्हणजे दोर किंवा साखळी आखूड ठेवायची नाही. जेवढी खोली त्याच्या निदान पाचपट साखळी सोडायची. दोर असेल तर सातपट. साखळी तळाशी आडवी पडली पाहिजे, म्हणजे ओढ आडवी लागते आणि नांगर आणखी रुततो. उभी ओढ लागली की तो उपटला जातो. इथवर मला पटलं. पुढे त्यानं आकडे घातले. पाच मीटर पाणी, पंचवीस मीटर साखळी, बारा मीटरची बोट. वारा फिरेल तशी बोट नांगराभोवती फिरणार, म्हणजे सुमारे सत्तर-पंचाहत्तर मीटर व्यासाचं वर्तुळ तिला मोकळं हवं.

"एका बोटीला?" मामीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"एका बोटीला."

आमच्या गल्लीत पंचाहत्तर मीटरच्या वर्तुळात दोन सोसायट्या, तिसरीचं पुनर्विकासाचं पत्र्याचं कुंपण, एक पोळीभाजी केंद्र, एक इस्त्रीवाला, शाखा आणि शाखेचा फलक बसतो. एवढी जागा एकट्यानं अडवून वर रात्री शांत झोपता येईल अशी अपेक्षा करणारा माणूस उपनगरात वाढलेला असूच शकत नाही, असं मला वाटलं. तर तो म्हणाला, झोप कुठली! एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेलतेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, पावसाचं चिन्ह नाही, आणि वारा असा की बोटीवरचे वाळत घातलेले कपडे दुसऱ्या बेटावर. त्यामुळे उत्तरेकडून डोंगराचा आडोसा असलेली जागा शोधायची, आणि ती सगळ्यांनाच हवी असते. रात्री मोबाईलवर एक ॲप लावून ठेवायचं. बोट नेमून दिलेल्या वर्तुळाबाहेर गेली की मोबाईल बोंबलतो. मग अंधारात उठून बॅटरी मारत बघायचं, आपण सरकलो की शेजारी. एवढे पैसे भरून पोरगं रात्रभर जागत होतं. पहाटे साडेचारला पाण्याचा पंप लावायला उठणाऱ्या त्याच्या मामाला हे कौतुक कसं सांगावं, हा प्रश्न त्याला पडला नाही.

स्पेनच्या बाजूला तर आणखी मजा. मायोर्का, इबिझा वगैरे बेटांच्या भोवती समुद्राच्या तळाशी पोसिडोनिया नावाच्या पाणगवताची कुरणं आहेत. हे गवत फार सावकाश वाढतं, माशांची पिल्लं त्यात वाढतात, आणि नांगराच्या साखळीनं ते मुळासकट उपटलं जातं. म्हणून २०१८ सालापासून तिथल्या सरकारनं त्यावर नांगर टाकायला बंदी केली आहे. गस्तीच्या होड्या फिरतात आणि ‘तुमचा नांगर गवतात आहे, बाजूच्या वाळूत टाका’ असं सांगतात. हे ऐकून मला त्या सरकारबद्दल आदर वाटला. आपल्याकडे तिवरं पाण्याच्या वर, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी असतात, तरी त्यांच्यावर काय काय टाकलं जातं ते मालाडच्या खाडीकाठी जाऊन पाहावं.

पण भाच्याच्या कथेचा कळस म्हणजे गावातल्या बंदरात बोट लावणं. तिथं धक्क्याला बोट आडवी लावत नाहीत; जागा पुरणार नाही. आधी धक्क्यापासून लांब नांगर टाकायचा, मग साखळी सोडत सोडत उलटं, म्हणजे पार्श्वभागाकडून, आधीच लागलेल्या दोन बोटींमधल्या फटीत घुसायचं आणि मागचे दोन दोर धक्क्याला बांधायचे. फट बहुधा बोटीपेक्षा अरुंदच दिसते. दोन्हीकडचे लोक हातात वाइनचे पेले घेऊन उभे राहतात, रबरी फुगे मधे धरतात आणि चेहरा असा करतात की तुमचा अपघात झाला तर बरंच होईल. तुम्ही मागे मागे येत राहता. फुगे दबतात, चर्र आवाज होतो, शेजारच्या बोटी थोड्या थोड्या बाजूला होतात आणि जिथं जागा नव्हती तिथं तुमची बोट बसते.

"काय भयंकर टेन्शन असतं मामा, तुम्हाला कल्पना नाही!"

मला कल्पना नाही? अरे, आठ-बावन्नच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळवत मी नोकरीची उभी हयात काढली! पाठीमागून जायचं, नजरेला नजर द्यायची नाही, ‘जरा सरका’ एवढंच म्हणायचं आणि बसून टाकायचं. फुगे नसतात, त्यांचं काम डब्याची पिशवी करते. तिघंही एकेक इंच सरकतात, चेहऱ्यावरची रेष हलत नाही, आणि गोरेगाव येईतोवर चौघांपैकी मूळचे तिघं कोण हे कुणाला आठवत नाही. भूमध्य समुद्रातल्या लोकांनी ह्या विद्येवर पुस्तकं लिहिली आहेत, वर्ग चालवले आहेत आणि प्रमाणपत्रं काढली आहेत. पश्चिम रेल्वेनं काहीच काढलं नाही.

एक फरक मात्र आहे. चौथ्या सीटवरून उठताना शेजारी बरोबर उठून येत नाही. तिकडे येतो. दिवसभरात वीस बोटी लागल्या की वीस साखळ्या तळाशी एकमेकींवर पडतात. सकाळी ज्याला लवकर निघायचं असतं त्यानं आपला नांगर उचलला की त्याच्याबरोबर इतर दोघांचे संसार वर येतात. भाच्याच्या शेजारी एक जर्मन जोडपं होतं. सत्तरीच्या घरातले काका, अर्धी चड्डी, अत्यंत शिस्तीचे. त्यांनी सहाच्या ठोक्याला नांगर ओढायला घेतला आणि भाच्याची बोट, आतल्या चार झोपलेल्या मुलुंडकरांसह, बंदराच्या मध्यावर निघाली. "काका काही बोलले का?" मी विचारलं. "बरंच बोलले. पण जर्मनमध्ये, त्यामुळे मन दुखावलं नाही."

ह्या सगळ्यात मला एक गोष्ट खटकत होती. भाच्याच्या लेखी सुरक्षित जागा म्हणजे डोंगर, वाळू, खोली आणि वारा. पण त्याच्या साऱ्या भानगडी झाल्या त्या माणसांमुळे. आणि ह्या विषयावरचा सर्वांत जुना पुरावाही माझ्याच बाजूचा आहे. होमरच्या महाकाव्यात ओडिसियस बारा जहाजं घेऊन एका बंदरात पोचतो. बंदर असं की बघत राहावं. दोन्हीकडे उंच कडे, तोंड अरुंद, आत लाट म्हणून नाही. अकरा जहाजं हरखून आत जातात आणि एकमेकांना चिकटून लागतात. ओडिसियस मात्र आपलं जहाज बाहेरच, तोंडाशी एका खडकाला बांधतो. त्या गावात राहत असतात नरभक्षक राक्षस. ते कड्यांवरून धोंडे टाकून आतली अकराच्या अकरा जहाजं फोडतात आणि माणसं माशांसारखी भोसकून जेवणाला नेतात. ओडिसियस तलवारीनं दोर कापतो आणि पळ काढतो. बंदराला नावं ठेवायला जागा नव्हती. शेजार वाईट होता. घर घेताना हॉल किती फुटांचा हे विचारणाऱ्यांनी आणि वरच्या मजल्यावर कोण राहतं हे न विचारणाऱ्यांनी हा प्रसंग मुळातून वाचावा.

"पण आपल्याकडे असं काही नाहीच ना," भाचा म्हणाला. "एवढा मोठा किनारा, पण बोट लावायला जागा आहे कुठे?"

मुलुंडच्या मुलानं बोरिवलीच्या मामाला किनाऱ्याबद्दल असं बोलावं! गोराई, मनोरी, मार्वे, मढ, वेसावे, सगळे खाड्यांची तोंडं धरून बसले आहेत आणि पिढ्यान् पिढ्या तिथं होड्या लागत आहेत. फक्त त्या लावणाऱ्यांना त्याचं कौतुक नाही, कारण त्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे परत जायचं असतं. मी त्याला म्हटलं, रविवारी वेसाव्याला ये. त्याला मुलुंडहून घाटकोपर लोकलनं आणि घाटकोपरहून वर्सोवा मेट्रोनं यायचं होतं. २०१४ साली ही मेट्रो सुरू झाली तेव्हापासून पूर्व उपनगरातल्या लोकांचा असा समज आहे की वर्सोवा स्टेशनवर उतरलं की समोर समुद्र दिसतो. समोर रिक्षांची रांग दिसते. समुद्र त्या रांगेच्या शेवटी, बराच पुढे, आणि कोळीवाड्याच्या गल्ल्यांत रिक्षावाला एका मर्यादेपलीकडे येत नाही. तिथून पुढे नाकानं जायचं.

वाटेत मी त्याला मुद्द्याचं सांगून घेतलं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. बहुतेक ठिकाणी पाणी वीत-दोन वीत वरखाली होतं, आणि त्याची कुणी फिकीर करत नाही. आज पाच मीटर पाण्यात नांगर टाकला तर उद्या सकाळी पाचच मीटर. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पाण्यात साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो. म्हणजे दीड मजला. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती असलेल्या दिवसांची यादी महापालिका आधीच जाहीर करते, आणि त्या दिवशी पाऊसही आला तर अंधेरीचा सबवे काय करतो हे आपण जाणतोच. आता त्याचं गणित इथं घाला. वेसाव्याच्या खाडीत भरतीला पाच मीटर पाणी बघून नांगर टाकलास तर सहा तासांनी तुझी बोट चिखलात. बोटीखाली तुझ्या त्या शिडाच्या बोटीसारखा लांब कणा असेल तर ती कुशीवर आडवी. उलट ओहोटीला पाच मीटर बघून पंचवीस मीटर साखळी सोडलीस तर भरतीला पाणी होणार दहा, साखळी लागणार पन्नास, आणि वर्तुळ मढच्या धक्क्याला जाऊन धडकणार.

"मग वेळ बघायची कशी? ॲप आहे का?"

आहे. त्याचं नाव पंचांग. तिथीची पाऊणपट करायची, आली ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास; दुपारीही आणि रात्रीही. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. थोडं मागेपुढे होतं, पण बॅटरी लागत नाही. कोकणात हे कोष्टक पाढ्यांच्या वयात शिकतात. भाच्यानं मोबाईल काढून त्या दिवसाची भरती तपासली. मी तिथी विचारून तोंडी सांगितली. पाव तासाचा फरक निघाला. तो म्हणाला, तुमचं चुकलं. मी म्हटलं, पाव तासानं लोकलसुद्धा चुकत नाही, चालायचंच.

धक्क्यावर पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. बांबूंच्या मांडवांवर बोंबील जोड्या-जोड्यांनी लटकत होते, आणि वास असा की भाच्याच्या चेहऱ्यावरून ग्रीस पुसलं गेलं. खाडीत ट्रॉलर एकमेकांना खेटून रांगेनं लागले होते. पहिली होडी धक्क्याला बांधलेली, दुसरी पहिलीला, तिसरी दुसरीला. तिसऱ्या होडीतल्या माणसाला किनाऱ्यावर यायचं तर दोन शेजाऱ्यांच्या घरातून चालत यावं लागतं. तो येतही होता. एका हातात डबा, दुसऱ्या हातात डिझेलचा रिकामा कॅन, पायात काही नाही, आणि वाटेत दुसऱ्या होडीवर कालवण ढवळणाऱ्याशी चार शब्द बोलून, चव बघून, पुढे.

मढला जाणारी फेरीबोट निघायच्या बेतात होती. रस्त्यानं मढ गाठायचं तर मालाड-मार्वेवरून वीसेक किलोमीटरचा वळसा. इथून पाच मिनिटं. म्हणून बोटीत माणसांबरोबर स्कूटरही जातात. धक्क्याच्या उतारावर हिरवं शेवाळ, त्यावर टाकलेली एक फळी, फळीच्या टोकाला हलती बोट. एक मुलगी फळीवरून स्कूटर चालवत नव्हे, इंजिन चालू ठेवून पायांनी रेटत न्यायला लागली. मागून एका कोळणीनं पाटी डोक्यावर ठेवून मोकळ्या हातानं स्कूटरला ढकललं. पुढून पोऱ्यानं हँडल धरलं. बोट झुकली, फळी दोन बोटं सरकली, पोऱ्यानं टाचेनं ती परत जागेवर आणली आणि दोर सोडला. सगळ्याला मिळून अर्धं मिनिट. कुणी ओरडलं नाही, कुणी फुगा धरला नाही. भाचा बघत उभा. त्याच्या प्रमाणपत्रात असल्या फळीचा धडा नव्हता.

एका होडीच्या कडेवर बसून एक तांडेल जाळं सांधत होता. भाच्यानं त्याला गाठलं. ग्रीसमध्ये शिकलेले सगळे प्रश्न त्यानं क्रमानं विचारले. तळ कसला? चिखल. नांगर धरतो का? धरतो तर, सोडतच नाही. आडोसा कुठला? "खाडी हाय ना." शेवटी त्यानं विचारलं, "समजा मला इथं बोट लावायची आहे. जागा कशी निवडायची?"

तांडेलानं दात लावून सूत तोडलं. "आधी बाजूला कोण हाय ते बघाचं. पानी काय, रोज येतं-जातं."

मी भाच्याकडे पाहिलं नाही. मोठ्या माणसानं अशा वेळी समुद्राकडे बघावं.

मग तांडेल खुलला. तक्रारीही निघाल्या. खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो, ओहोटीला होड्या आत-बाहेर करता येत नाहीत, गाळ काढा म्हणून किती वर्षं सांगतोय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा होड्या ओढून वर घ्यायच्या, शाकारायच्या, दुरुस्त करायच्या. मग कोळीवाड्यात माणसांना चालायला वाट राहत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ टाकला की पुन्हा पाण्यात. आणि वादळाचा बावटा लागला तर? मग जिथं असू तिथून जवळची खाडी. सगळ्यात भरवशाचं देवगड. कुणी कुठलाही असो, देवगड कुणाला परत पाठवत नाही.

हे खरं आहे. देवगडचं बंदर निसर्गानंच डोंगराच्या कुशीत आखून दिलेलं आहे. अरबी समुद्र खवळला की तिथं गुजरातच्या, कर्नाटकच्या, कधी पार केरळ-तामिळनाडूच्या नौका आश्रयाला येतात, आणि दरवेळी वर्तमानपत्रात फोटो येतो: शंभरावर होड्या, एकीला एक चिकटून, पाणी दिसत नाही. चार दिवस खलाशी तिथंच रांधतात, बाजारातून भाजी आणतात, गावच्या मेडिकल दुकानात मोडक्या हिंदीत डोकेदुखीची गोळी मागतात. वादळ आलं की देवगडचं मुलुंड होतं. तिथं चौकशी करत नाहीत की तू शाकाहारी आहेस का आणि भाडेकरार अकरा महिन्यांचा आहे का. आमच्या घाटकोपर-बोरिवलीकडच्या काही सोसायट्यांच्या कमिट्यांना एकदा पावसाळ्यात देवगडला न्यावं असं मला फार वाटतं.

"इथं कधी मोठं जहाज आलं होतं का?" भाच्याचा शेवटचा प्रश्न.

"आलं होतं ना. नांगर न टाकता आलं."

तो कोणत्या जहाजाबद्दल बोलतोय हे जुहू-वेसाव्यात कुणाला विचारावं लागत नाही. २०११ चा पावसाळा आमच्या किनाऱ्याला जहाजांचा गेला. आधी जूनमध्ये ‘विझडम’ आलं. नऊ हजार टनांचं जुनं मालवाहू जहाज. कोलंबोहून गुजरातेत अलंगला, तोडायला, ओढून नेत होते. ओढणारा दोर तुटला. जहाजाला मरणाला जायची तशीही हौस नसणार. ते भरकटत वांद्रे-वरळी सागरी सेतूजवळून गेलं आणि जुहूच्या वाळूत येऊन बसलं. मुंबईकरांनी भर पावसात भेळ खात त्याच्यासमोर फोटो काढले. आमच्या सोसायटीतून तर सहकुटुंब सहल गेली होती. काही आठवड्यांनी ते मोठ्या मुश्किलीनं ओढून नेलं.

पण खरा पराक्रम ‘पवित’चा. पनामाच्या झेंड्याचं, हजारेक टनांचं तेलवाहू जहाज. जूनच्या शेवटी ओमानजवळ त्याचं इंजिन बंद पडलं, आत पाणी शिरायला लागलं. ब्रिटिश नौदलाच्या युद्धनौकेनं खलाशांना वाचवलं. जहाज बुडालं असं मालकानं धरलं, विमावाल्यांनी धरलं, सगळ्यांनी धरलं. फक्त जहाजाला कुणी कळवलं नाही. ते महिनाभर एकटं, ऐन पावसाळ्यात, अख्खा अरबी समुद्र ओलांडून ३१ जुलैच्या पहाटे जुहू-वेसाव्याच्या किनाऱ्यावर हजर. सुकाणूवर कुणी नाही, नांगर टाकायला कुणी नाही, नकाशा नाही, ॲप नाही, आणि जागा कोणती गाठली? जुहू! समोर समुद्र, मागे सिनेमावाल्यांचे बंगले. आयुष्यभर हप्ते भरून आम्ही बोरिवलीपर्यंत पोचलो, आणि हे दलालीसुद्धा न देता थेट पहिल्या ओळीत.

२६ नोव्हेंबर २००८ नंतर ह्या किनाऱ्यावर तीन-तीन यंत्रणांचा पहारा बसला होता: नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस. तिघांच्या नजरेतून सत्याहत्तर मीटर लांबीचं लोखंड निसटलं. मग चौकश्या झाल्या, संसदेत प्रश्न आले, जो तो दुसऱ्याच्या हद्दीकडे बोट दाखवत होता. हद्दींच्या ह्या आखणीत जुहूची वाळू कुणाच्याच वाट्याला आलेली नव्हती, आणि जहाजानं नेमकी तीच हेरली. ऑगस्टमध्ये त्याला उधाणाच्या भरतीचा फायदा घेऊन बाहेर काढलं, तोवर तिसरंच एक कोळशानं भरलेलं जहाज, ‘राक कॅरिअर’, मुंबईच्या समोर बुडून किनाऱ्यावर तेलाचे गोळे पाठवत होतं.

"म्हणजे सुरक्षित जागा शोधायची तर बोट मोकळी सोडून द्यायची?" भाचा म्हणाला.

"पावसाळ्यात सोडली तर हितंच येनार," तांडेल म्हणाला. "वारा हिकडंच आनतो. म्हनून तर आमी होड्या वर घेतो." नैऋत्य मोसमी वारा ह्या किनाऱ्यावर सरळ येऊन आपटतो, म्हणूनच इंग्रजांचं सगळं मोठं बंदर शहराच्या पाठीमागे, पूर्वेच्या बाजूला आहे. एवढं वाक्य मी शाळेत पाठ केलं होतं, पण परीक्षेत भूगोलाच्या पेपरात ते कधी आलं नाही. ह्या माणसानं तेच सूत ओवता ओवता सांगून टाकलं.

निघण्याआधी भाच्यानं मोबाईल काढून ग्रीसचे फोटो दाखवले. निळंशार पाणी, इतकं स्वच्छ की वीस फूट खोल तळाशी पडलेली साखळीची कडी न् कडी मोजता यावी. शेजारच्या होडीवरचे दोघंही बघायला आले. एका कोळणीनं पाटी खाली ठेवून मान पुढे केली. तांडेलानं फोटो बोटांनी मोठा केला, खालून वर, वरून खाली पाहिला.

"पानी येवढं साफ, मग मासा खातो काय?"

हा प्रश्न जीवशास्त्रज्ञाचा होता. भूमध्य समुद्राचं पाणी स्वच्छ दिसतं ते त्यात माशांच्या खाण्याजोगं बारीक सूक्ष्म जीवन फार कमी असतं म्हणून. आपलं पाणी गढूळ आहे, पण भरलेलं ताट आहे. भाच्यानं कबूल केलं की तिकडे मासे थोडे आणि फार महाग. एका संध्याकाळी धक्क्यावरच्या हॉटेलात चौघांनी मिळून एक भाजलेला मासा घेतला होता. किलोला किती युरो पडले ते त्यानं सांगितलं, आणि युरोचे रुपये किती होतात तेही.

कोळणीनं "आई गं" म्हणून कपाळाला हात लावला. दोन खलाशी एकमेकांकडे बघून हसले. तांडेल हसला नाही. त्यानं जाळं बाजूला ठेवलं, मनातल्या मनात काहीतरी मोजलं, आणि अर्ध्या तासात पहिल्यांदाच भाच्याकडे नीट तोंड वळवून आदरानं विचारलं,

"तितं नांगर टाकाला जागा मिलते म्हनालात ना?"